हेडसेट विकण्याआधी तीन आठवडे थांब

पत्र : ताई, नमस्कार. मी २९ वर्षांचा आहे. नोकरी हिंजवडीत, राहायला धायरीत, आई-बाबांबरोबर टू बीएचकेमध्ये. गेल्या वर्षी बोनस मिळाला तेव्हा अमेरिकेहून येणाऱ्या मित्राकडून मेटा क्वेस्ट ३एस हा व्हीआर हेडसेट मागवला, म्हणजे डोळ्यांवर बांधला की गेमचं जग चहूबाजूंनी दिसतं तो. कॉम्प्युटर लागत नाही, वायर नाही, डोक्याला लावला की सुरू, म्हणून तोच घेतला. पहिले पंधरा दिवस रोज खेळलो. मग एका रविवारी रोलर कोस्टरचा गेम खेळताना गरगरायला लागलं. आत्ता थांबेल, आत्ता थांबेल करत पूर्ण केला आणि शेवटी उलटी झाली. संध्याकाळपर्यंत झोपून होतो. त्यानंतर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पाच मिनिटांत मळमळ. आता चार महिने हेडसेट कपाटात आहे. मला मायनस तीनचा चष्मा आहे. एक मित्र म्हणतो, हा विक आणि क्वेस्ट ३ घे, त्यात चक्कर येत नाही. बाबा टेल्कोतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "डोळ्यांना झापडं बांधून हॉलमध्ये हातवारे करतोस, घरात माणसं आहेत याचं तुला भान नसतं." आणि मे महिन्यात माझी भाची राहायला येतेय, आठ वर्षांची. तिने आत्तापासूनच फोनवर सांगून ठेवलंय की तिला तो जादूचा चष्मा घालायचाय. विकू, बदलू की ठेवू?

उत्तर : विकू नकोस. निदान कपाटातून बाहेर न काढता तरी विकू नकोस. आणि चक्कर जाईल या आशेने क्वेस्ट ३ घेणार असशील तर ते अजिबात नको. त्याचं कारण पुढे सांगते. आधी त्या रविवारबद्दल बोलू, कारण तुझं सगळं पत्र त्या एका दिवसाभोवती फिरतंय.

वरंधा घाटातून एसटीने कधी कोकणात उतरला आहेस का? मागच्या सीटवर बसून मोबाइलमध्ये डोकं घातलं की घाट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पोटात ढवळायला लागतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नाजूक रचना असते. ती मेंदूला सांगते, आपण डावीकडे वळलो, आता उजवीकडे वळलो. डोळे मात्र सांगतात, समोरचा मोबाइल जागच्या जागी आहे. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगायला लागले की मेंदूचा गोंधळ होतो आणि त्याची शिक्षा पोटाला मिळते. याला आपण गाडी लागणं म्हणतो. हेडसेटमध्ये हेच उलट्या बाजूने होतं. डोळे सांगतात, मी शंभर फुटांवरून खाली कोसळतोय. कान सांगतो, तू धायरीत हॉलमध्ये सतरंजीवर उभा आहेस. तुला गाडी लागावी तसा हेडसेट लागला, एवढंच झालं. यात तुझी प्रकृती नाजूक आहे असं काही नाही, आणि हेडसेटही बिघडलेला नाही.

पण तू एक चूक केलीस आणि ती मोठी होती. रोलर कोस्टर खेळलास ही ती चूक नव्हे, गरगरायला लागल्यावर तो पूर्ण केलास ही. एखादा पदार्थ खाऊन उलटी झाली की पुढे कित्येक महिने त्याचा नुसता वास आला तरी कसंतरी होतं, तसंच आहे हे. तुझ्या मेंदूने त्या दिवशी हेडसेटची आणि उलटीची गाठ मारून ठेवली. म्हणून नंतर दोन्ही वेळा पाच मिनिटांत मळमळलं. ही गाठ सुटते, पण जोर लावून नाही. बरं वाटत असतानाच हेडसेट काढायचा, असं पुष्कळदा व्हायला लागतं, म्हणजे मेंदूच्या खात्यात चांगल्या आठवणी जमा होतात. म्हणून मी तुझ्याकडून तीन आठवडे मागतेय.

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं. मोबाइलवर गजर लाव आणि तो वाजला की कितीही मजा येत असली तरी हेडसेट काढ. भरल्या पोटी नको आणि अगदी उपाशीपोटीही नको. ऑफिसच्या बसमधून दीड तास हिंजवडीचा ट्रॅफिक सोसून आल्या आल्या तर नकोच नको. समोर टेबल फॅन लाव. वारा गालाला एकाच बाजूने लागत राहिला की आपण खोलीत कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत याची शरीराला खूण राहते. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला. आणि मळमळ सुरू होण्याची वाट बघू नकोस. ती येण्याआधी बहुतेकांना काहीतरी सूचना मिळते. तळहाताला घाम सुटतो, कपाळ गार पडतं, तोंडाला पाणी सुटतं, उगाच जांभया येतात. यातलं काहीही जाणवलं की त्याच क्षणी थांबायचं, गॅलरीत जाऊन लांबवर बघायचं, पाणी प्यायचं आणि त्या दिवसापुरतं खेळणं संपलं. "एवढी लेव्हल होऊ दे" हे वाक्य तीन आठवडे तोंडातून काढायचं नाही.

काय खेळायचं, हे किती वेळ खेळायचं याहून महत्त्वाचं आहे. ज्या गेममध्ये तू जागेवर असतोस आणि गोष्टी तुझ्याकडे येतात, तिथे डोळे आणि कान एकच सांगतात. बीट सेबर घे. संगीताच्या ठेक्यावर चौकोनी ठोकळे अंगावर येतात आणि हातातल्या तलवारीने ते कापायचे असतात. पाय जागेवर, हात सगळीकडे. सुपरहॉट व्हीआरही चालेल, त्यात तू हललास तरच वेळ पुढे सरकतो. वॉकअबाउट मिनी गोल्फमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागेवर टुणकन पोचता येतं, मध्ये सरकत जावं लागत नाही. ज्या गेममध्ये हातातल्या कंट्रोलरवरची काडी अंगठ्याने पुढे ढकलून चालायचं, धावायचं असतं, ते दोन आठवडे दूर ठेव. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एखादा घेऊन बघ, पण आधी त्याच्या सेटिंगमध्ये जा. वळताना चित्र सलग फिरण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळेल असं कर, आणि चालताना नजरेच्या कडा काळ्या करणारा पर्याय असला तर तो पूर्ण चालू ठेव. हालचाल मुख्यतः नजरेच्या कडांना जाणवते, म्हणून त्या झाकल्या की त्रास खूप कमी होतो. मेटाच्या स्टोअरमध्ये गेमच्या पानावर कम्फर्टेबल, मॉडरेट, इंटेन्स असा शेरा असतो. विकत घेण्याआधी तो बघत जा. आणि चुकून त्रास देणारा गेम घेतलाच गेला, तर १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ते कुढत बसतात.

तीन आठवड्यांनीही अंगठ्याने धावणं जमलं नाही, तर नाही जमलं. काही माणसांना ते कधीच मानवत नाही. त्यांच्यासाठी जागेवर उभं राहून खेळायचे गेम वर्षानुवर्षं पुरतील एवढे आहेत.

आता चष्मा आणि हेडसेट डोक्यावर बसवण्याची पद्धत. इथे मला दाट शंका आहे. मित्राने आणून दिलेला हेडसेट तू खोक्यातून काढून तसाच घातला असशील. तुझ्या क्वेस्ट ३एसमध्ये भिंगं हाताने सरकवून तीन जागी बसवता येतात : ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. हे आपल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. ते चुकीच्या खाचेत असलं की चित्र दिसतं, पण डोळ्यांना सतत ओढ बसते आणि थोड्या वेळात कपाळ दुखायला लागतं. चष्मा करताना दुकानदार हे अंतर मोजतोच. जिथून चष्मा केलास तिथे जाऊन पीडी किती आहे विचार, सांगतील. नाहीतर आरशासमोर उभं राहून नाकावर मिलिमीटरची पट्टी धर आणि मोज. आकडा मिळाला की त्याच्या सगळ्यात जवळच्या खाचेत भिंगं बसव.

चष्मा न घालता खेळत असशील तर तेही थांबव. पडदा डोळ्यांपासून दोन-तीन इंचांवर आहे म्हणून मायनसवाल्यांना चष्मा नको, असं अनेकांना वाटतं. पण मधल्या भिंगांमुळे चित्र मीटरभराहून लांब असल्यासारखं डोळ्यांपर्यंत पोचतं. मायनस तीनला ते धूसर दिसणारच आणि धूसर चित्राशी झगडून मळमळ लवकर येते. उलट चष्मा घालून खेळताना तो आतल्या भिंगावर घासला तर ओरखडा पडतो आणि तो कधीच जात नाही. चष्मा आणि भिंग यांच्यामध्ये फट राहते का ते बघ. राहत नसेल तर फोमच्या मागे बसवायचा स्पेसर घे. तुझ्या नंबरची, हेडसेटच्या आत बसणारी वेगळी भिंगंही करून मिळतात. खेळ टिकला तर पुढच्या बोनसमधून तीच घे. आतली भिंगं पुसायला कोरडं मायक्रोफायबरचं फडकं वापरायचं. काच पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर, स्पिरिट यातलं काहीही लावायचं नाही.

आणि पट्टा. सगळे जण हेडसेट समोरून डोळ्यांवर दाबून धरतात आणि मागचा पट्टा करकचून ओढतात. ५१४ ग्रॅम वजन मग गालाच्या हाडांवर येतं. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या फुगवट्याच्या खाली, मानेच्या जवळ बसायला हवा. तो बसल्यावर वरचा पट्टा थोडा घट्ट करायचा, म्हणजे वजन डोक्यावर जातं. मग हेडसेट चेहऱ्यावर अगदी किंचित वर-खाली करून बघ, एका जागी अक्षरं एकदम स्वच्छ दिसतील. तुझ्या हेडसेटमध्ये गोल खाचांची फ्रेनेल भिंगं आहेत आणि त्यांचा स्वच्छ दिसणारा भाग मधोमध असतो. डोळा तिथून सरकला की कडा धूसर होतात. दर वेळी घातल्यावर अर्धं मिनिट यात घालव.

इथे मित्राच्या सल्ल्याचंही उत्तर येतं. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तुझा ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये. दोन्हींत स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २ ही एकच चिप आहे, कंट्रोलर तेच, गेम तेच, वजनातही एका ग्रॅमचा फरक. क्वेस्ट ३ची भिंगं वेगळ्या प्रकारची आहेत, चपटी पॅनकेक, त्यामुळे कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. पडद्यावर ठिपकेही जास्त आहेत : एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८, तुझ्याकडे १८३२ गुणिले १९२०. बाहुल्यांमधलं अंतर चाक फिरवून हवं तसं बसवता येतं. हे सगळं चांगलंच आहे आणि तुझं अंतर ५८, ६३, ६८ यांतल्या दोन खाचांच्या अगदी मधे पडत असेल तर डोळ्यांना त्याने आराम पडेल. पण रोलर कोस्टरवरून कोसळताना कान आणि डोळे जे भांडतात, ते क्वेस्ट ३मध्येही तेवढंच भांडतील. मित्राला बहुधा मुळातच गाडी लागत नसेल.

जागेचं बोलायला हवं. उभं राहून मोकळेपणाने खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन लागते. टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा, शोकेस आणि टीपॉय असताना ती मिळते, पण टीपॉय रोज हलवावा लागतो. तो हलवायचा कंटाळा येतो आणि हेडसेट कपाटात राहतो. तू कधी ना कधी यातूनही गेला असशील. माझा सल्ला, टीपॉय कायमचा भिंतीशी लाव. आईशी बोल, ती बहुतेक तयार होईल. मधोमध एक छोटी चटई किंवा योगा मॅट टाक. डोळे झाकलेले असले तरी तळपायांना कळतं की आपण मॅटवर आहोत की फरशीवर, आणि फरशी लागली की माणूस आपोआप मागे येतो. खेळायच्या जागेची हद्द दाखवणारी हेडसेटमधली बाउंडरी आहेच, पण जोरात हात फिरवताना ती दिसेपर्यंत उशीर होतो. सगळ्यात महत्त्वाचं, मॅटवर उभं राहून दोन्ही हात कंट्रोलरसकट वर कर आणि छताचा पंखा किती वर राहतो ते बघ. पंख्याखाली उभं राहून बीट सेबर खेळायचा नाही. कंट्रोलरची मनगटाला अडकवायची दोरी प्रत्येक वेळी अडकवायचीच. मोठा आरसा समोर असेल तर त्यावर चादर टाक. गणपतीत आणि दिवाळीत लुकलुकणाऱ्या माळा लावल्या असतील तर खेळताना त्या बंद ठेव, कारण हेडसेटवरचे कॅमेरे कंट्रोलरमधले बारीक दिवे बघून हात कुठे आहेत ते ओळखतात आणि माळांमुळे त्यांची फसगत होते.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हे सगळं मी कशाच्या जोरावर लिहितेय ते कळेल. मी कॉलेजमध्ये टेबल टेनिस खेळायचे. मग संसार, नोकरी, गुडघा असं करत ते सुटलं. २०२१ मध्ये घरात बंद असताना क्वेस्ट २ वर इलेव्हन टेबल टेनिस लावला आणि पहिल्या पाच मिनिटांत माझे डोळे भरून आले. चेंडूची फिरकी खरी वाटत होती, मनगट तीस वर्षांपूर्वीचं आठवत होतं, समोर कुठल्यातरी दूरच्या देशातला माणूस होता आणि तो माझ्या सर्व्हिसला चुकत होता. त्या आनंदात एक पॉइंट वाचवायला पुढे वाकले आणि टेबलावर हात टेकायला गेले. टेबल नव्हतंच. मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. इतका खरा वाटणारा खेळ आहे तो, म्हणून सांगते, टेबलावर टेकायचं नाही आणि खेळ संपल्यावर कंट्रोलर त्या टेबलावर ठेवायचा नाही. दोन्ही चुका अनेकांच्या हातून होतात. दुसऱ्या आठवड्यात हा गेम जरूर घे. खालच्या मजल्यावर कुणी आजारी किंवा लहान बाळ असेल तर वेळ मात्र विचारून ठरव, पाय आपटले जातात.

आता बाबा. तुझ्या बाबांचं म्हणणं मला पटलं. रागावू नकोस. तू त्यांचं वाक्य तक्रार म्हणून लिहिलंस, मी ते दोनदा वाचलं. पैसे वाया घालवलेस असं ते म्हणत नाहीत. घरात माणसं आहेत याचं भान नसतं, असं म्हणतात. जरा सोफ्यावरून बघ. मुलगा दिवसभर बाहेर असतो, संध्याकाळी घरी येतो, आणि आल्यावर समोरच उभा असूनही घरात नसतो. तो कशाला हसतोय ते कळत नाही. हाक मारली तर ऐकू येतं की नाही तेही कळत नाही. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसाचा निदान चेहरा तरी दिसतो.

त्याला उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. पहिला, हाक आली की हेडसेटच्या बाजूला दोनदा टिचकी मार, समोरची खोली दिसायला लागते. त्यांच्याकडे तोंड वळवून उत्तर दे. आवाज थोडा कमी ठेवलास तर हाक ऐकू येतेच, कारण हेडसेटचे स्पीकर कान झाकत नाहीत. दुसरा, तुला जे दिसतंय ते टीव्हीवर दाखव. हेडसेट आणि टीव्ही एकाच वायफायवर असले आणि टीव्हीत कास्टिंगची सोय असली की झालं. नसेल तर मोबाइलच्या ॲपवर दिसतं. टीव्हीवर दिसायला लागलं की तुझ्या हातवाऱ्यांना अर्थ येतो आणि सोफ्यावरून सूचनाही यायला लागतात. तिसरा, खेळायची वेळ घरात सांगून ठेव. नऊ ते साडेनऊ म्हटलं की नऊ ते साडेनऊच.

बाबांना घालून बघायची इच्छा झाली तर खुर्चीत बसवून, स्थिर दृश्य दाखव. वाँडर नावाचं ॲप आहे, त्यात गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधली ठिकाणं चारही बाजूंनी दिसतात. कुठे जायचंय ते त्यांनाच विचार. त्यांना पेसमेकर बसवला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट किंवा कंट्रोलर त्यांच्या हातातही देऊ नकोस, आत चुंबक असू शकतात. फिट येण्याचा त्रास कुणाला कधी झाला असेल तर त्यांनाही हेच लागू.

भाचीला मात्र नाही म्हणावं लागेल आणि ते तूच म्हण, तिच्या आईवर ढकलू नकोस. मेटाने स्वतः ठरवलेलं किमान वय १० आहे. २०२३ पर्यंत ते १३ होतं. आता १० ते १२ वयाच्या मुलांना आई-वडिलांच्या ताब्यातल्या खात्यावरून वापरता येतो. आठ वर्षांना कुठेच जागा नाही. आणि हा कागदावरचा नियम आहे म्हणून नव्हे. तुझ्या हेडसेटमधली सगळ्यात जवळची खाच ५८ मिलिमीटरची आहे आणि आठ वर्षांच्या मुलीच्या बाहुल्यांमधलं अंतर साधारणपणे त्याहून कमी असतं, म्हणजे तिला ते नीट दिसणारच नाही. अर्धा किलो वजन तिच्या मानेला फार होतं. शिवाय फुकट मिळणाऱ्या कित्येक गेममध्ये अनोळखी माणसांचे आवाज थेट कानात येतात, आणि ते काय बोलतील यावर आपला काहीच ताबा नसतो. "दोनच मिनिटं" असं म्हणून सुद्धा घालू नकोस. दोन मिनिटांनंतर तिच्याकडून काढून घेणं हे न देण्यापेक्षा जड जाईल. तिच्यासाठी मी वेगळं काही योजलंय, ते शेवटी सांगते.

त्याआधी कपाट. चार महिने तसाच पडलाय म्हणजे बॅटरी पार उतरली असेल. आजच काढ, चार्जिंगला लाव, सॉफ्टवेअर अपडेट होऊ दे. लिथियमची बॅटरी रिकामी ठेवून महिनोन् महिने पडू दिली की तिचा दम कमी होतो. पुढे कधी बराच काळ ठेवायचा झाला तर निम्मी चार्ज करून ठेव. कंट्रोलरमधले डबल ए सेल काढून ठेवायचे, ते गळले की आतली स्प्रिंग खातात. तपकीर गल्लीतून चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर आण, नेहमीच्या सेलचा खर्च वाचेल. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगांना जपतो तसं जप, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. हवा दमट असताना घातल्या घातल्या भिंगांवर वाफ धरते. मिनिटभर कपाळावर तसाच राहू दे, भिंगं कोमट झाली की जाते.

आणि ऊन. हे मी फार कळकळीने सांगतेय. लहानपणी भिंगाने कागद जाळला असशील. हेडसेटची भिंगंही तेच करतात. त्यांच्यावर ऊन पडलं की ते आतल्या पडद्यावर एका टोकाशी गोळा होतं आणि पडदा जळतो. माझा हेडसेट एका सकाळी जेवणाच्या टेबलावर उलटा राहिला, गॅलरीतून कोवळं ऊन आलं. मी दहा-पंधरा मिनिटांत उचलला. तेव्हापासून उजव्या डोळ्याला एक पिवळट डाग दिसतो, टेबल टेनिसचा प्रत्येक चेंडू त्या डागातून जातो. त्याला दुरुस्ती नाही. खेळ संपला की भिंगांची बाजू झाकून ठेवायची, खिडकीजवळ नाही, गाडीत नाही, गॅलरीत खेळायचं नाही. तुझ्याकडचं बिल अमेरिकेचं आहे, तेव्हा काही बिघडलं तर खर्च तुझाच, असं धरून चाल.

तीन आठवडे प्रामाणिकपणे करूनही मन रमलं नाही तर खुशाल वीक. विकताना आधी आपल्या खात्यातून हेडसेट काढून टाक आणि फॅक्टरी रीसेट कर. विकत घेतलेले गेम खात्याशी बांधलेले असतात, हेडसेटबरोबर जात नाहीत, तेव्हा घेणाऱ्याला "गेमसकट" असं सांगून फसवू नकोस.

आता भाचीसाठी योजलेलं. कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स नावाचा एक गेम आहे, कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने २०१५ मध्ये काढलेला, क्वेस्टवर मिळतो. हेडसेट घातलेल्या माणसासमोर एक टाइमबॉम्ब असतो. तो निकामी कसा करायचा हे त्याला ठाऊक नसतं. ते लिहिलेलं असतं एका माहितीपुस्तिकेत, आणि ती असते बाकीच्यांच्या हातात. त्यांना बॉम्ब दिसत नाही, तुला पुस्तिका दिसत नाही, म्हणून सतत बोलत राहावं लागतं. तू सांगायचं, "तीन वायर आहेत, लाल एकही नाही." त्यांनी पान शोधून सांगायचं, "मग दुसरी काप." खुर्चीत बसून खेळायचं असतं, जग हलत नाही, म्हणजे तुझ्या पोटाला काही धोका नाही. पुस्तिका इंग्रजीत आहे, पण आयुष्यभर कारखान्यात तांत्रिक कागद वाचलेल्या माणसाला ती अडणार नाही. उलट मला वाटतं, बाबा तुझ्यावर ओरडतील, "आधी वायर मोजून सांग, घाई कशाला करतोस?" एका भागात विचित्र चिन्हं असतात, ती शब्दांत सांगावी लागतात. जिलबीसारखं, उलट्या सीमध्ये टिंब असल्यासारखं, असं काहीतरी. ते काम आठ वर्षांच्या मुलीला मोठ्यांपेक्षा चांगलं जमेल. हा एकच गेम टीव्हीवर कास्ट करू नकोस, बॉम्ब दिसला की खेळातली गंमत जाते.

पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे. मे महिन्याच्या आधी छापून आण. एकाच बाजूला छाप आणि पिना मारू नकोस. वायरीची पानं बाबांकडे राहतील, चिन्हांची भाचीकडे, आणि आई मध्ये बसून घड्याळ सांगेल.